पेपरवाल्याच्या घरातले लोक, जरा लिहा की

मंगळवारपेठकर :
आमचे तात्या एका दैनिकात पस्तीस-चाळीस वर्षं बातमीदार होते, आता घरीच असतात. ज्येष्ठ पत्रकारांना सरकारकडनं जो सन्मान निधी मिळतो त्याचा फॉर्म भरायला घेतलाय, आणि त्यात 30 वर्षं पत्रकारिता केली हे कागदावर दाखवायला लागतंय. कागद म्हणाल तर माळ्यावर पोतंभर आहेत, पण नाव कुठंच नाही! तेव्हा बायलाइन, म्हणजे बातमीवर बातमीदाराचं नाव, देतंय कोण, वर 'प्रतिनिधी' छापलं की झालं. चार दिवस झाले पोतं उपसतेय, कसर लागलेली कात्रणं आणि कडेला तात्यांच्या अक्षरात तारीख. आई म्हणते, रद्दी घालू म्हटलं की अंगावर धावून यायचे, आता बघ.

मग आठवत बसले. तात्या दुपारी तीनला जायचे ते रात्री दीड-दोनला यायचे. भाकरी बुट्टीत, वर ताट पालथं. आम्ही शाळेला निघायचो तेव्हा ते झोपलेले, त्यामुळं सकाळी घरात कुकरची शिट्टीसुद्धा व्हायची नाही. लक्ष्मीपूजन, धुळवड, 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, म्हणजे ऑफिस बंद, तेवढ्या दिवशी रात्री सगळे एका पंगतीला. दुसऱ्या दिवशी पेपर नाही म्हणून गल्ली चुकचुकायची, आम्ही खूश. आणि 6 जानेवारीला, 1832 ला त्या तारखेला 'दर्पण' निघालं म्हणून पत्रकार दिन, तात्या नारळ, पेन आणि डायरी घेऊन यायचे. त्या डायऱ्यांत आईनं वीस वर्षं दुधाचा हिशोब लिहिला.

तुमच्याकडं काय होतं, लिहा.

आजरेकर :
माझे वडील तालुक्याचे वार्ताहर. पगार नव्हता, मानधन, आणि ते फोटोच्या रोलला पुरायचं नाही. घर चाललं ते पेपरच्या एजन्सीवर आणि थोड्या घनसाळ भातावर. फॅक्स यायच्या आधी बातमीचं पाकीट एसटीनं जायचं. संध्याकाळच्या कोल्हापूर गाडीच्या ड्रायव्हरकडं द्यायचं आणि सीबीएसवर, म्हणजे कोल्हापूरच्या मुख्य स्टँडवर, ऑफिसचा पोरगा येऊन घ्यायचा. नववीत असताना ते काम माझ्याकडं होतं. एकदा क्रिकेटच्या नादात गाडी चुकली आणि मी भीतीनं पाकीट दप्तरात तसंच ठेवलं, घरी सांगितलंच नाही. अपघाताची बातमी होती, दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरात आली, आमच्यात नाही. ऑफिसचा फोन आला तेव्हा मी शेजारीच उभा. वडील म्हणाले, माझ्याकडनंच राहिलं साहेब. नंतर मला एक शब्द बोलले नाहीत, फक्त पुढचे आठ दिवस पाकीट स्वतः नेऊन दिलं.

आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीच्या जाहिराती! वाढदिवसाच्या शुभेच्छांची पानं गोळा करायची ती पण वार्ताहरानंच. एका पुढाऱ्याचे पैसे आलेच नाहीत, ते वडिलांच्या मानधनातनं कापले, दोन वर्षं. तो पुढारी भेटला की अजून वडिलांच्या खांद्यावर हात टाकतो.

राजारामपुरी ७वी गल्ली :
सगळं खरं असंल पण पत्रकारांच्या घरात दिवाळीला मिठाईचे बॉक्स कमी येतात का हो? आमच्या शेजारी होते एक, त्यांचं काम कुठंच अडायचं नाही.

सूनबाई :
येतात की, खोटं कशाला बोलू. ड्रायफ्रूटचे बॉक्स, भिंतीवरची घड्याळं, एका वर्षी तर चार इस्त्र्या. त्यावर घरचे हप्ते जात नाहीत.

आमचे हे डेस्कवर उपसंपादक. 2019 चा कोल्हापूरचा पूर तुम्ही बघितलाच. आम्ही शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या जवळ. हे ऑफिसात बसून पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पानावर घेतायत, 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, आणि त्या वेळी पाणी 55 च्या वर गेलेलं. मी फोन केला की आपल्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलंय. तर हे काय विचारतात, किती वाजता लागलं? माझं टाळकंच सरकलं, म्हटलं बातमी करताय का माझी! सासऱ्यांना शेजारच्या पोरांनी खुर्चीवर बसवून बाहेर काढलं, मी लेकीला आणि गॅसची शेगडी घेऊन बहिणीकडं. हे तिसऱ्या दिवशी आले, ऑफिसच्याच कपड्यात. सकाळी पेपर हातात पडला तर आमच्या गल्लीची बातमी होती, वेळेसकट. मी अजून बोलून दाखवते.

खिळाजुळारी :
आमचे आबा पत्रकार नव्हेत, पण त्यांच्याशिवाय पत्रकाराचं अक्षर छापलं गेलं नसतं. कंपोझिटर, म्हणजे छापायची अक्षरं एकेक करून जुळवणारे. ती अक्षरं म्हणजे शिशाचे खिळे, ते उलटे असतात, त्यामुळं आबा उलटं अक्षर सुलट्यापेक्षा भरभर वाचायचे. घरी आले की रॉकेलनं हात पुसायचे, मग साबण, तरी भाताला शाईचा वास यायचा. ऑफसेट छपाई आली, खिळे गेले, मग त्यांना बाइंडिंगला बसवलं. सन्मान निधी वगैरे आमच्या वाट्याला नाही, म्हणून लिहून ठेवलं.

हुकलेला गोल :
पप्पा स्पोर्ट्सला. बाहेरच्यांना कळणार नाही, पण कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलची बातमी लिहिणं म्हणजे निवडणुकीपेक्षा अवघड. एकदा गोल मारणाऱ्याचं नाव चुकलं, म्हणजे पप्पांनी बरोबर दिलं होतं, पान लावताना दोन नावांची अदलाबदल झाली. सकाळी सात वाजता तालमीची (आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचेच) तीस-चाळीस पोरं दारात. आजी बाहेर आली आणि म्हणाली, च्या घेणार का आधी? झालं, अर्धी पोरं चहाला बसली. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापून आली ती आतल्या पानावर, एवढीशी. पोरांनी त्याचंच कात्रण काढून तालमीत लावलं होतं म्हणे.

@मंगळवारपेठकर, करवीर नगर वाचन मंदिरात जुन्या अंकांच्या फायली बघायला मिळतात का विचारून बघ. 1850 पासूनची लायब्ररी आहे, विचारायला काय जातंय.

मंगळवारपेठकर :
वाचन मंदिरात सोमवारी जाणार आहे. पण काल पोत्याच्या तळाला एक सापडलं. तात्यांचं नाव छापलेलं एकुलतं एक कात्रण! आमच्या आजीची निधन वार्ता. 'त्या पत्रकार अमुक अमुक यांच्या मातोश्री होत.' खाली रक्षाविसर्जनाची वेळ. आजी गेली त्या रात्री तात्या ऑफिसला जाऊन स्वतःच लिहून आले होते, हे आईनं आत्ता सांगितलं.

तात्यांना दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, वेळ चुकलीय, नऊ हवं होतं, आठ पडलंय, लोक तासभर ताटकळले होते.

हे कात्रण फॉर्मला जोडलं तर चालतंय का, कुणाला माहीत असेल तर सांगा.