अनेक लेखकांचा एक कथासंग्रह: काय जमतं, काय फसतं?

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून एका बैठकीत सात-आठ लेखक वाचायची आपल्याला सवय आहे. भय, विज्ञान, ग्रामीण, विनोदी असे सगळे प्रकार एकत्र बांधलेला संग्रह मात्र दर वेळी जमून येतोच असं नाही. संपादन, मुद्रितशोधन, मांडणी, ग्रंथालय अशा कुठल्याही बाजूने हे काम करणाऱ्यांनी लिहावं. आठवणी नकोत, कामाचं लिहा, असं आवाहन होतं. आलेली उत्तरं त्या-त्या बाजूच्या नावाखाली दिली आहेत.

संपादन

सगळं क्रमावर आहे. कथा कितीही चांगल्या असोत, शेजार चुकला की मरतात.

प्रत्येक कथेची एक चिठ्ठी करावी. तिच्यावर शब्दसंख्या, निवेदन प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, काळ, गाव, शेवट कसा (बंद, उघडा की धक्का) आणि पहिलं व शेवटचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं. मग चिठ्ठ्या टेबलावर मांडून फक्त ही वाक्यं ओळीने वाचायची. एक कथा पावसात संपते आणि पुढची पावसातच उघडते, हे तिथेच दिसतं. तीन प्रथमपुरुषी कथा लागोपाठ आल्या तर तिन्ही लेखक वेगळे असूनही वाचकाला एकच माणूस बोलतोय असं वाटतं.

पहिली कथा सर्वांत थोर नको, सर्वांत सहज शिरता येणारी हवी. आठ-नऊ पानं, तीन-चार पात्रं, पहिल्याच पानावर काहीतरी घडलेलं. सगळ्यात ताकदीची कथा तिसरी किंवा शेवटून दुसरी ठेवावी. दोन भयकथा कधीही शेजारी नकोत, कारण दुसरीला वाचक सावध होऊन बसलेला असतो. भयकथेच्या आधी साधी घरगुती कथा असली, तर कुकरच्या शिट्ट्या मोजणारी बाई पुढच्या पानावरही आपल्या डोक्यात असते आणि भीती तिच्या स्वयंपाकघरातून येते. प्रकारांप्रमाणे विभाग पाडले की नेमकं हेच जातं. विज्ञानकथा न वाचणारा तो विभाग सरळ ओलांडून जातो.

निवड

नावं झाकून वाचा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. आद्याक्षरं उलटी केलेली. नाव मोठं असलं की निवड वाकते, आणि नवा लेखक अवचित भेटणं हीच तर अशा संग्रहाची गोडी. कथांना क्रमांक द्या, शिवाय फाईलच्या माहितीतूनही लेखकाचं नाव काढा. ते तिथे राहून जातं.

मुद्रितशोधन

संग्रहात समजा अठरा लेखक आहेत, म्हणजे अठरा लेखनपद्धती. निवेदनात ‘केले’ की ‘केलं’ हे कथेपुरतं एकसारखं ठेवायचं, संग्रहभर नाही. बोलीला तर हात लावूच नये. मालवणीतलं ‘माका’ आणि वऱ्हाडीतलं ‘मले’ एकाच पुस्तकात सुखाने नांदतात. प्रमाण करायला गेलात की दोन्ही माणसं मुकी होतात. प्रत्येक बोलीकथेची शब्दयादी लेखकाकडूनच मागवा, म्हणजे एकदा ‘काऊन’ आणि एकदा ‘काहून’ ही लेखकाची निवड आहे की टंकनाची चूक, ते कळतं.

जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ आणि ‘कुऱ्हाड’चं ‘कुर्हाड’ होतं. वैतागून सगळे ‘र्या’ एका फटक्यात बदलू नका: ‘पर्याय’, ‘मर्यादा’, ‘सूर्या’ बिघडतात. एकेक शोधूनच बदलावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

मांडणी आणि छपाई

आकडेमोड आधी करा. १८ कथा, प्रत्येकी २,५०० शब्द, म्हणजे ४५,०००. डेमी (पुस्तकाचा एक नेहमीचा आकार) पानावर साधारण २७० शब्द धरले तर १६७ पानं. प्रत्येक कथा नव्या पानावर सुरू होते, त्यात सरासरी अर्धं पान रिकामं जातं: आणखी ९. सुरुवातीची पानं, अनुक्रमणिका आणि लेखक-परिचय मिळून १०. एकूण १८६. छपाई फॉर्मने होते, म्हणजे सोळा पानं एकत्र छापून घडी घालतात; असे १२ फॉर्म म्हणजे १९२, बसलं. आता प्रत्येक कथा उजव्याच पानावर हवी असा हट्ट धरला की आणखी ९ पानं वाढून १९५ होतात आणि तीन पानांसाठी तेरावा फॉर्म लागतो.

हक्क

तोंडी होकारावर छापू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क हस्तांतरण लेखी लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती काढताना अठरा जणांना पुन्हा गाठायचं! पत्रात छापील, ई-बुक आणि श्राव्य असे तिन्ही हक्क वेगवेगळे लिहून घ्या. दिवंगत लेखकाच्या कथेसाठी हक्क असलेल्या सगळ्या वारसांची संमती हवी. मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. १९६० साली वारलेल्या लेखकाचे हक्क २०२० अखेर संपले. अनुवादित कथेला दोन परवानग्या लागतात, मूळ लेखकाची आणि अनुवादकाची. दुसरी हमखास विसरली जाते.

ग्रंथालय

नोंद बहुधा संपादकाच्या नावावर होते, त्यामुळे आतले अठरा लेखक शोधून सापडत नाहीत. सगळी नावं मलपृष्ठावर छापा, ‘आणि इतर’ म्हणून उरकू नका. प्रत्येक कथेखाली पूर्वप्रसिद्धीचा अंक आणि वर्ष द्या. कथा आवडली की वाचक त्याच लेखकाचं आणखी काही मागायला येतो आणि आम्हाला कोणत्या वर्षाचा गठ्ठा सोडायचा ते कळतं.