ग्नूप्लॉट: आलेख खिडकीत दिसतो, पण जतन केलेली फाइल शून्य बाइटची

प्रश्न
ग्नूप्लॉट या आज्ञा देऊन आलेख काढण्याच्या प्रोग्राममध्ये मी तापमानाच्या नोंदींची एक मजकूर फाइल वापरत आहे. पहिल्या स्तंभात तास, दुसऱ्यात तापमान आणि मध्ये स्वल्पविराम. 'सेट डेटाफाइल सेपरेटर' या आज्ञेने स्वल्पविरामाची माहिती दिल्यावर 'प्लॉट' आज्ञेने खिडकीत आलेख व्यवस्थित उमटतो. तो जतन करण्यासाठी 'सेव्ह' वापरले, तर चित्राऐवजी आज्ञांनी भरलेली मजकूर फाइल मिळाली. त्यानंतर 'सेट टर्मिनल पीएनजीकैरो' (आलेख पीएनजी चित्राच्या रूपात मिळावा यासाठी), मग फाइलचे नाव देऊन 'सेट आउटपुट' आणि शेवटी 'रीप्लॉट' असा क्रम वापरला. फाइल तयार होते, मात्र तिचा आकार शून्य बाइट दिसतो आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. नेमके काय राहून जात आहे?

उत्तर १
तुमचा क्रम बरोबर आहे, फक्त शेवटची पायरी राहिली आहे. 'रीप्लॉट'नंतर 'अनसेट आउटपुट' द्या. ती आज्ञा मिळेपर्यंत किंवा तुम्ही ग्नूप्लॉटमधून बाहेर पडेपर्यंत फाइल उघडीच राहते आणि चित्राचा मजकूर डिस्कवर पूर्ण उतरलेला नसतो.

मुळात खिडकीत दिसणारे चित्र ग्नूप्लॉट जतन करत नाही. तेच आलेखन तो दुसऱ्या टर्मिनलवर (म्हणजे आउटपुटच्या दुसऱ्या प्रकारात) नव्याने करतो, म्हणून 'रीप्लॉट' लागते. 'सेव्ह'ने मिळालेली फाइल मात्र टाकून देऊ नका. तिच्यात तुमची सर्व मांडणी आणि शेवटची 'प्लॉट' आज्ञा असते आणि 'लोड' केल्यावर आलेख पुन्हा उभा राहतो (मूळ नोंदींची फाइल अर्थातच जागेवर असली पाहिजे). पुन्हा खिडकीत काम करायचे असल्यास टर्मिनल बदलण्याआधी 'सेट टर्मिनल पुश' आणि काम झाल्यावर 'सेट टर्मिनल पॉप' द्यावे.

उत्तर २
हेच काम वारंवार करायचे असेल, तर सर्व आज्ञा एका फाइलमध्ये लिहून ग्नूप्लॉटला तिचे नाव द्यावे, हे माझ्या मते अधिक सोयीचे. आज्ञा संपताच प्रोग्राम स्वतः बंद होतो, त्यामुळे शेवटची फाइलही आपोआप बंद होते. एकापाठोपाठ अनेक चित्रे काढताना प्रत्येक नवे 'सेट आउटपुट' आधीची फाइल बंद करते. 'सेट टर्मिनल' मात्र नेहमी 'सेट आउटपुट'च्या आधी लिहावे.

प्रश्नकर्ता
'अनसेट आउटपुट' देताच चित्र उघडले, आभारी आहे. आता चित्राचा आकार १६००, १००० पिक्सेल केल्यावर अक्षरे फार बारीक दिसतात आणि अक्षांची नावे मला मराठीत हवी आहेत.

उत्तर १
मूळ आकार ६४० बाय ४८० पिक्सेल असतो. आकार वाढवला तरी अक्षरांचे माप तेच राहते, म्हणून टर्मिनलच्या त्याच ओळीत 'फॉन्टस्केल २' जोडून पाहा. मराठीसाठी 'सेट एनकोडिंग यूटीएफ८' (देवनागरीसह सर्व लिप्यांसाठीची अक्षरसंकेत पद्धत) द्या आणि देवनागरी अक्षरे असलेला फॉन्ट निवडा. पीएनजीकैरो पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीच्या साहाय्याने मजकूर मांडतो, त्यामुळे जोडाक्षरे नीट जुळतात. आलेख छापील अहवालात जाणार असेल, तर पीडीएफ फाइल देणारे पीडीएफकैरो टर्मिनल घ्या. तिथे आकार पिक्सेलऐवजी इंचांत मोजला जातो, त्यामुळे १६००, १००० हे आकडे तसेच ठेवू नका.