मदत हवी आहे : फॉर्म्युला स्टुडंट गाडीचा डाउनफोर्स रस्त्यावर मोजताना येणारी तूट

नमस्कार,

आम्ही पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी असून कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’ या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या (फॉर्म्युला स्टुडंट) स्पर्धेसाठी उघड्या चाकांची, एका आसनाची गाडी बांधतो. यंदा प्रथमच गाडीला पुढचा व मागचा विंग बसवला. सीएफडीनुसार (हवेच्या प्रवाहाच्या संगणकीय गणितानुसार) ताशी ६० किमी वेगाला ४५० न्यूटन, म्हणजे सुमारे ४६ किलो वजनाइतका डाउनफोर्स (वाहत्या हवेमुळे विंगवर येणारा, गाडीला जमिनीकडे दाबणारा जोर) अपेक्षित होता. रस्त्यावरील मोजणीत मात्र २६० न्यूटनच आढळला. ही तूट विंगची आहे की आमच्या मोजणीची, हे ठरवण्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

वातबोगद्याचा विचार आम्ही सोडून दिला. आयआयटी कानपूरच्या बोगद्याचा चाचणीकक्ष ३ मीटर रुंद व २.२५ मीटर उंच आहे. त्यात विंगसह पूर्ण गाडी ठेवली, तर समोरून दिसणारे तिचे क्षेत्रफळ कक्षाच्या जवळजवळ सहाव्या हिश्श्याइतके होते आणि आकड्यांवर विश्वास ठेवणे कठीण जाते. शिवाय जमिनीलगतचा पुढचा विंग स्थिर जमिनीवर तपासण्यात फारसा अर्थ नाही, कारण धावत्या गाडीच्या दृष्टीने खालचा रस्ताही मागे सरकत असतो.

म्हणून चारही डॅम्परना (चाकांचे धक्के शोषणाऱ्या भागांना) लिनिअर पोटेन्शिओमीटर (सरळ रेषेतील हालचाल मोजणारी उपकरणे) लावले; डॅम्पर किती दबला यावरून चाकावरचा भार काढता येतो. स्प्रिंग ४४ न्यूटन प्रति मिमीची असून चाक १ मिमी वर गेले की डॅम्पर ०.८ मिमी दबतो; त्यामुळे चाकापाशी ताठरपणा सुमारे २८ न्यूटन प्रति मिमी येतो. अपेक्षित ४५० न्यूटन चार चाकांवर सारखे वाटले असे धरले, तरी डॅम्परची हालचाल जेमतेम ३.२ मिमी होते. इंजिनाच्या ओढीचा मागच्या सस्पेन्शनवर होणारा परिणाम टाळण्यासाठी क्लच दाबून गाडी मोकळी धावू दिली आणि परवानगी घेऊन बंद ठेवलेल्या सरळ रस्त्यावर दोन्ही दिशांनी फेऱ्या घेतल्या. हवेच्या अवरोधामुळे भार पुढून मागे सरकतो, हे लक्षात घेऊन चारही चाकांची बेरीजच ग्राह्य धरली.

तुटीचा एक भाग आम्हाला सापडला आहे. सीएफडीत हवेची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर धरली होती. सुमारे ५६० मीटर उंचीच्या पुण्यात, ३५ अंश तापमानाला ती १.०७ च्या आसपास असते. ही दुरुस्ती केल्यावर अपेक्षित आकडा ३९३ न्यूटनवर उतरतो. तरीही १३० न्यूटनचा हिशेब लागत नाही.

संशय घर्षणावर आहे, आणि त्याला कारणही आहे. गाडी उभी असताना चौकटीवर ४० किलो वाळूच्या पिशव्या अलगद ठेवल्या, तेव्हा पोटेन्शिओमीटरवरून काढलेली बेरीज २९ किलोच आली. गाडी हाताने दोन-तीनदा हलवल्यावर तीच ३८ झाली. डॅम्परचे सील आणि रॉकरचे (चाकाचा भार डॅम्परकडे वळवणाऱ्या तरफेचे) बेअरिंग मिळून इतका भार अडवून धरत असतील, तर गुळगुळीत रस्त्यावरही तेच घडत असणार. ताशी ४० किमीला घनतेच्या दुरुस्तीनंतर अपेक्षित १७५ ऐवजी केवळ ६० न्यूटन मिळाले, हेही याच दिशेने बोट दाखवते. कारण निव्वळ विंग कमी पडत असता, तर दोन्ही वेगांना तूट साधारण सारख्याच प्रमाणात दिसली असती. तरीही विंगचे आधार वाकून त्याचा कोन बदलत असेल, ही शक्यता मी नाकारू शकत नाही.

आता पुशरॉडवर (चाकाचा भार रॉकरकडे नेणाऱ्या नळीवर) स्ट्रेन गेज (धातूवरचा ताण मोजणाऱ्या पट्ट्या) लावावेत का? पुशरॉड डॅम्परच्या आधी येतो, म्हणून तेथील मापात हे घर्षण शिरू नये, असे मला वाटते. परंतु उन्हात तापणाऱ्या नळीवर अर्धा ब्रिज (दोन गेजची विद्युतजोडणी) पुरेल की पूर्ण ब्रिजच (चार गेजची) हवा? आणि प्रमाणीकरण चारही चाकांखालच्या वजनकाट्यांवर पिशव्या ठेवून करताना चढता व उतरता असा दोन्ही भार नोंदवावा का?

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. ताशी १० किमी वारा समोरून असेल, तर ६० च्या वेगाला डाउनफोर्स ३६ टक्क्यांनी वाढतो आणि मागून असेल, तर ३१ टक्क्यांनी घटतो. दोन्ही दिशांची सरासरी घेतली, तर चूक तीन टक्क्यांच्या आत राहते; पण वारा झोतांनी येतो तेव्हा हा हिशेब टिकत नाही. नाकाच्या पुढे पिटो नळी (हवेचा वेग मोजणारी नळी) लावायची झाल्यास ती पुढच्या विंगच्या प्रभावाबाहेर राहावी यासाठी किती पुढे आणि किती उंच असावी? ज्यांनी अशी नळी स्वतः बसवली आहे, त्यांनी कृपया अंतरे कळवावीत.