१९६९च्या बीटलवरची ड्यून बग्गी: रस्त्यावरही चालवायची, वाळूतही. आधी कशाला हात घालू?

दापोडीची लेक

नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला राहते. ऑगस्टमध्ये आमच्या मागच्या गल्लीतल्या एका आजोबांकडून ड्यून बग्गी (वाळूत चालवायची हलकी, उघडी गाडी) घेतली. खाली १९६९च्या फोक्सवॅगन बीटलचा पॅन (गाडीचा लोखंडी तळ), वर लाल फायबरची बॉडी. बॉडीवर कुठेही नाव नाही, त्यामुळे 'मायर्स मँक्स' या गाजलेल्या बग्गीची कुणीतरी केलेली नक्कल असावी. अकरा वर्षं शेडमध्ये उभी होती. सीटखाली उंदरांचं घरटं, टाकीत वार्निशसारखं झालेलं पेट्रोल.

माझे बाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत. ३१ वर्षं एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते, इंजिन विभागात. इथे आल्यापासून सकाळी फिरून यायचे, मग दिवसभर खिडकीत बसायचे. बग्गी आली त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे जुना शर्ट मागितला. मला ही गाडी त्यांच्यासोबत उभी करायची आहे, आणि फेब्रुवारीत ते परत जायच्या आत त्यांना शेजारी बसवून ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांत न्यायची आहे. एरवी रविवारी भाजी आणायलाही हीच गाडी. ट्रेलरवर लादून नेण्यापुरती ठेवायची नाही.

आतापर्यंत कळलेलं असं. बाबांनी मागची सीट काढून पॅनच्या मधल्या बोगद्यावरचा रंग थिनर लावून हळूहळू उतरवला. चॅसी नंबर स्वच्छ दिसला, कागदाशी आकडा न् आकडा जुळला.

मग त्यांनी इंजिनाच्या क्रँकची (मुख्य दांड्याची) पुली दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढली आणि परत आत ढकलली. आतून 'टक्' असा आवाज. मला म्हणाले, "तू धर." मी धरली. बोटांना स्पष्ट जाणवतं, दार नीट बसलं नसलं की कडी हलते तसं. डायल गेज लावून ही मागे-पुढे हालचाल मोजली, ०.३४ मिमी आली. पुस्तकात ०.०७ ते ०.१३ आहे. इंजिनाचा नंबर 'एई'पासून सुरू होतो, म्हणजे नंतर कुणीतरी बसवलेलं १६०० ड्युअल पोर्ट. पण पंख्याचं कव्हर जुनं आहे, ऑइल कूलर त्याच्या पोटात. सिलिंडरच्या खालचे पत्रे तर नाहीतच.

इथल्या एका गॅरेजवाल्याने दहा मिनिटं पाहून सांगितलं, हे इंजिन फेका, मोठ्या बोअरचं १९१५ सीसी घाला. आकडा ऐकून मी गप्प बसले. बाबा घरी येईपर्यंत बोलले नाहीत, मग म्हणाले, "न खोलता निकाल देणारा मेकॅनिक नको."

माझे प्रश्न: हे इंजिन वाचेल का? गाडीचा मागचा भाग इतका वर का आहे, आणि मागची चाकं वरून बाहेर का फाकली आहेत? रस्ता आणि वाळू दोन्हींसाठी टायर कोणते? आणि एक कोडं: डावा इंडिकेटर लावला की ब्रेकचे दोन्ही दिवे मंद लुकलुकतात. बाबा दोन दिवस त्याच्यामागे आहेत.

---

एअरकूल्ड टूसॉन

ताई, आधी बाबांना माझा नमस्कार सांगा. चौदा वर्षांत मी अशा तीन बग्ग्या उभ्या केल्या, दोन माझ्या आणि एक मित्राची. पुली ओढून पाहणं हीच पहिली परीक्षा, आणि ती त्यांनी न सांगता केली.

इंजिन फेकू नका. ०.३४ जास्त आहेच, पण त्याची कारणं दोन असू शकतात आणि दोन्हींचा खर्च अगदी वेगळा. इंजिन खाली उतरवा, फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) काढा, ऑइल सील काढा. आता एकाने पुली ढकलायची-ओढायची आणि दुसऱ्याने एक नंबरच्या बेअरिंगच्या कडेवर बोट ठेवायचं. क्रँकबरोबर बेअरिंगही हललं तर केसची बैठक ठोकून ठोकून सैल झाली आहे. केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, मऊ असते. मग ती दोन भागांत उघडून लाइन बोअर करावी लागेल (बेअरिंगच्या बैठका एका रेषेत पुन्हा कापायच्या), नाहीतर नवी केस. बेअरिंग जागेवर घट्ट असेल तर फ्लायव्हीलमागच्या शिम (पातळ चकत्या) बघा. त्या तीन असतात, नेहमी तीनच. ०.२४ पासून ०.३८ पर्यंतच्या जाडीत मिळतात. घालताना फ्लायव्हीलचा मधला नट ३० किलोग्रॅम-मीटरला आवळायचा, त्याच्या खाली नाही.

पत्र्यांचं मात्र मनावर घ्या. एअरकूल्ड इंजिनात पंख्याची हवा फिन्समधून (सिलिंडरवरच्या पातळ पात्यांमधून) गेलीच पाहिजे. सिलिंडरखालचे पत्रे तिला फिन्सभोवती वळवतात, ते नसले की हवा सोपी वाट धरून निसटते. त्यात जुन्या कव्हरमध्ये ऑइल कूलर तीन नंबरच्या सिलिंडरच्या वाटेत उभा असतो, म्हणून जुन्या गाड्यांत आधी तीन नंबरच जळायचा. १९७१पासून फोक्सवॅगनने कूलर मागे वेगळ्या डब्यात नेला, इथे त्याला 'डॉगहाउस' म्हणतात. तुमचं इंजिन त्याच काळातलं आहे, तर कव्हर, रुंद पंखा, कूलर आणि सगळे पत्रे जुन्या बाजारातून जोडीने घ्या. एकेक सुटं जमवलं तर बसत नाही. जास्त ताकदीपेक्षा हा खर्च आधी.

मागचा भाग वर का? बीटलचे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) बीटलच्या वजनासाठी लावलेले असतात. तुम्ही वरचा सगळा लोखंडी डोलारा काढून फायबर ठेवलंत, वजन कितीतरी उतरलं, बार मात्र तेवढ्याच जोराने वर ढकलतायत. चाक खाली लोंबलं की वरून बाहेर फाकतं. उपाय बार फिरवण्याचा. आतल्या टोकाला ४० दात, बाहेरच्या टोकाला ४४. आत एक दात सरकवला तर ९ अंश, बाहेर एक सरकवला तर आठ अंशांच्या थोडं वर. एक या दिशेला आणि दुसरा उलट दिशेला सरकवला की दोन्हींतला फरक उरतो, अंशाहूनही कमी. एवढं बारीक जुळवता येतं. काढण्यापूर्वी स्प्रिंग प्लेटवर (बारला चाकाशी जोडणाऱ्या पट्टीवर) आणि बारच्या नळीवर खडूची रेघ मारा. आणि बाबांना आवर्जून सांगा: प्लेट ताणलेली असते, खाली जॅक लावून साखळीने बांधल्याशिवाय शेवटचा बोल्ट सोडायचा नाही. माझ्या मित्राचं मनगट असंच मोडलं.

पॅन मात्र उलटा करून बघाच. मँक्सच्या बॉडीसाठी बीटलचा पॅन सव्वाचौदा इंच कापून जोडतात. ब्रूस मायर्स मुळात फायबरच्या होड्या करणारा माणूस. १९६४मध्ये न्यूपोर्ट बीचला त्याने पहिली बग्गी केली ती सलग फायबरची, पॅनशिवाय. ती महाग पडली म्हणून नंतर कापलेल्या पॅनवर बॉडी बसवायला लागला. १९६७च्या पहिल्या 'मेक्सिकन १०००' या वाळवंटी शर्यतीत मँक्स २७ तास ३८ मिनिटांत पहिली आली आणि मग जो उठला तो नक्कल करू लागला. पेटंटसाठी तो कोर्टात गेला, पण हरला. तुमच्यासारख्या बिननावाच्या बॉड्या आल्या त्या तिथून. बॉडी कुणाचीही चालेल, पण पॅन कुणी जोडला यावर तुमचा आणि बाबांचा जीव आहे. बोगद्यावरचा आणि दोन्ही बाजूंचा सांधा घासून लोखंड दिसेपर्यंत स्वच्छ करा. वेल्डिंगच्या टाक्यात भोकं किंवा चीर दिसली तर बाकी सगळं थांबवा.

आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आजच फेका. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जातं ती पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते, सैल होऊन निसटते आणि खाली गरम इंजिन. एअरकूल्ड गाड्या जळतात त्या बऱ्याचदा यामुळे.

---

वाळवंटी

ग्लॅमिसला आम्ही दर थँक्सगिव्हिंगला जातो, तेवढ्यापुरतं सांगते.

टायर एकच ठेवायचा हट्ट सोडा. वाळूचे पॅडल टायर (वल्ह्यासारख्या आडव्या पट्ट्यांचे) रस्त्यावर चालवायचे नसतात, आणि रस्त्याचे टायर मोठ्या टेकडीवर रुततात. चाकांचे दोन जोड ठेवा. १९६८पासूनच्या बीटलला चार बोल्टची १३० मिमीची चाकं असतात, त्यामुळे जुने रिम सहज मिळतील. तुम्हाला बाबांना घेऊन नुसतं फिरायचं असेल तर पॅडल न घेताही चालेल. रुंद टायर, हवा बरीच कमी, आणि उतारावर तिरकं न थांबता सरळ खाली. परतताना हवा भरायला छोटा कंप्रेसर.

ऑक्टोबर ते मध्य एप्रिल परमिट लागतं. जमिनीपासून ८ फूट उंच काठीवर झेंडा हवाच, तोही फक्त नियमासाठी नाही. टेकडीच्या पलीकडून येणाऱ्याला तुमची गाडी दिसतच नाही, आधी झेंडा दिसतो. सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) लावा.

बाबांची सीट आणि पट्टा फायबरला नव्हे, लोखंडाला बांधा. रोल बारसुद्धा. मी फायबरमधून बोल्टसकट उपटलेला रोल बार पाहिला आहे. त्या दिवसानंतर आम्ही आमचा तीनदा तपासला.

---

नाशिकचा रस्ता

वाचून फार छान वाटलं. माझ्याकडे जुनी महिंद्रा एमएम ५४० आहे, तिचीच बॉडी काढून असं काही करता येईल का?

---

एअरकूल्ड टूसॉन

दादा, भारतात रस्त्यावर चालवायची असेल तर नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये निकाल दिला आहे, कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही. कॅलिफोर्नियात ताईंची गाडी कागदावर १९६९चीच फोक्सवॅगन आहे, आणि १९७५पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना तिथे धुराची तपासणी नाही, म्हणून त्यांचं जमतंय. तुमची ५४० आहे तशीच नीट करा. मूळ स्थितीतल्या फार उरल्या नाहीत.

---

दापोडीची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण त्याआधी सांगण्यासारखं काही नव्हतं.

दिव्यांचं आधी सांगते. बाबा रात्री जेवताना मधेच थांबले आणि म्हणाले, "अर्थच नाही." एसटीची बॉडी लोखंडी, दिवा कुठेही लावा, परतीची वाट बॉडीतूनच मिळते. इथे बॉडी फायबरची. मागच्या सगळ्या दिव्यांना मिळून एकच गंजलेली अर्थची वायर होती, म्हणून करंट शेजारच्या दिव्यातून वाट शोधत होता. जेवण तसंच ठेवून आम्ही गॅरेजमध्ये गेलो. प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर, सगळ्या पॅनवर एका बोल्टखाली. मी ब्रेक दाबला, ते मागे उभे होते. काही बोलले नाहीत, नुसता हात वर केला.

मग इंजिन उतरवलं. टूसॉनच्या दादांनी सांगितलं तसं मी पुली धरली आणि बाबांनी बेअरिंगच्या कडेवर बोट ठेवलं. मी ढकलत होते, ओढत होते, ते डोळे मिटून उभे. "बेअरिंग हलत नाही," म्हणाले. पुन्हा करायला लावलं, एकूण पाच वेळा. नंतर शिम काढल्या तर तीनऐवजी दोनच निघाल्या. ज्याने शेवटचं काम केलं त्याने एक घातलीच नव्हती. ०.२४ची मागवली, घातली, आता गेजवर बरोबर ०.१० दाखवतं.

एवढ्या जोराचा टॉर्क पाना आमच्याकडे नव्हता. बाबांनी नटाच्या पान्याला एक मीटरचा लोखंडी पाइप जोडला, आडवा सपाट धरला, आणि टोकाला भारतीय दुकानातली वीस-वीस पौंडांची तांदळाची तीन पोती टांगली. सत्तावीस किलो आणि थोडं. पाइप पाच किलोचा, त्याचं निम्मं वजन धरायचं, म्हणजे जवळपास तीस. हा हिशेब त्यांनी गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहिला आहे. तो मी पुसणार नाही.

पॅनचा सांधा उजव्या बाजूला वाईट निघाला, साधारण बोटभर लांब चीर. इथल्या एका वेल्डरकडून तो पूर्ण कापून नव्याने, आतून पट्टी देऊन जोडून घेतला. बाबा तिथेही शेजारी उभे होते. डॉगहाउसचा पूर्ण संच मिळाला आहे, पत्रे घासून रंगवायला ठेवलेत. टॉर्शन बारचं काम पुढच्या शनिवारी. साखळी आणून ठेवली आहे.

वाळवंटी ताई, झेंड्याची काठी आजच घेतली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ग्लॅमिसला तुम्ही असाल का? बाबांना तुमचा रोल बार बघायचा आहे.