‘एक्स्पोज्ड अँड डेव्हलप्ड’ फिल्मला मराठीत काय म्हणायचं?

वाशी : आमच्या क्लिअरिंग ऑफिसात नव्या पोरांसाठी सीमाशुल्काच्या वर्गवारीची मराठी पुस्तिका करतोय. प्रकरण ३७ मध्ये, फोटोच्या मालापाशी, अडलोय. ३७०५ (मालाच्या वर्गाचा चार अंकी क्रमांक) च्या शीर्षकातल्या ‘एक्स्पोज्ड अँड डेव्हलप्ड’साठी कुणीतरी ‘उघडी व विकसित फिल्म’ लिहून ठेवलंय. दुसरं काही सुचतंय का?

कोपरखैरणे : ‘उघडी’ तर मुळीच नको, पाकीट फोडलेली वाटते. परिभाषेतला शब्द ‘उद्भासित’, म्हणजे प्रकाश लागलेली. आणि ‘विकसित’ म्हटलं की आमच्याकडे बिल्डरच आठवतो.

नौपाडा : स्टुडिओत उमेदवारी केलेला माणूस आहे मी. गिऱ्हाईक काउंटरवर काय म्हणायचं? ‘रोल धुवायला टाकायचाय.’ डेव्हलप म्हणजे धुणं, विषय संपला.

कोपरखैरणे : काका, पण धुणं ही शेवटची पायरी ना? आधी डेव्हलपर, मग हायपो, मग पाणी.

नौपाडा : बरोबर. प्रकाश पडला की चांदीच्या क्षारात चित्र उमटतं, पण ते डोळ्यांना दिसत नाही. डेव्हलपर त्या कणांची काळी चांदी करतो. प्रकाश न लागलेला क्षार हायपो काढून टाकतो, आणि पाण्याने हायपो जातो. तरी आख्ख्या खटाटोपाला बोलीत ‘धुणं’च म्हणतात. भांडी घासली म्हटलं की विसळणं त्यात आलंच की.

उरण : कस्टम्स ब्रोकरकडे आहे, म्हणून कामाचं सांगतो. पुस्तिकेत तिन्ही अवस्था वेगळ्या दिसल्याच पाहिजेत. प्रकाश न लागलेला माल ३७०१ ते ३७०३ : सपाट फिल्म, रोल, कागद. फोटो काढले पण धुतले नाहीत, ते ३७०४. धुतलेली फिल्म ३७०५. तुमच्या ‘विकसित’ने ३७०४ आणि ३७०५ मधली भिंत नीट दिसत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. शिवाय ३७०४ चं खोकं तपासणीला उजेडात उघडलं की आतला माल गेला. ३७०५ ची फिल्म खुशाल दिव्यासमोर धरून बघा.

वाशी : मग धुतलेला फोटो? कागदावरचा?

उरण : तो ३७०५ मध्ये नाही. त्या शीर्षकात प्लेट आणि फिल्म एवढंच आहे. कागदावर छापून आलेला फोटो ४९११ मध्ये, छापील चित्रांच्या पंगतीत. न धुतलेला कागद मात्र ३७०४ मध्ये बसतो. म्हणजे तोच कागद धुतला की प्रकरणच बदलतं! पोरं इथे हमखास चुकतात, ठळक अक्षरात टाका.

ऐरोली : आणि सिनेमाची रिळं?

उरण : धुतलेली असतील तर ३७०६. ३५ मिलिमीटर आणि त्याहून रुंद एकीकडे, बाकीची दुसरीकडे. नुसती ध्वनिपट्टी असलेली, एकही चित्र नसलेली फिल्मसुद्धा तिथेच. फक्त रुंदीवर जाऊ नका, साध्या कॅमेऱ्याचा रोलही ३५ मिलिमीटरचाच असतो. चलच्चित्र आहे की सुटे फोटो, हे आधी बघायचं.

नौपाडा : जुन्या एक्स-रेचं काय? आमच्याकडे भंगारवाले चांदीसाठी न्यायचे.

उरण : निदानासाठी काढून धुतलेला एक्स-रे ३७०५. पण तोच चांदी काढायला भंगार म्हणून आला तर प्रकरण ३७ लागूच नाही. पहिलीच टीप आहे, टाकाऊ माल या प्रकरणात येत नाही. तो ७११२ मध्ये, मौल्यवान धातूंच्या भंगारात. माल एकच, पण कशासाठी आणलाय ते महत्त्वाचं.

कोपरखैरणे : म्हणून म्हणते, ‘उद्भासित’ घ्या. काटेकोर आहे.

नौपाडा : ताई, काटेकोर आहे, पण गोडाऊनमधल्या पोराला कळणार नाही. फोटो ‘टिपतो’ हे सगळ्यांना कळतं.

वाशी : ठरलं. ३७०४ : ‘टिपलेली, पण न धुतलेली’. ३७०५ : ‘टिपून धुतलेली’. ‘उद्भासित’ कंसात राहील, ताईंसाठी. बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयात मालाच्या कस्टम्सच्या कागदात, वर्णन इंग्रजीतच भरायचंय, तेव्हा मराठी ओळीखाली मूळ शब्दही छापतो.

ऐरोली : आणि ३७०१ ते ३७०३ ला काय म्हणणार? ‘कोरी’?

नौपाडा : कोरी फिल्म. दुकानात तसंच मागायचे.