गिटारच्या नेकला तेल-फिनिश: पावसाळ्यात अंगठा चिकटतो, सल्ला हवा

तळकोकणी
मंडळी, जरा मार्ग दाखवा. माझी स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची इलेक्ट्रिक गिटार आहे. नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, मेपल लाकडाची आणि तिच्या पाठीला काचेसारखं चकचकीत लॅकर. उन्हाळ्यात काही वाटत नाही, पण जून लागला की अंगठा असा चिकटतो की तिसऱ्या फ्रेटवरून (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दहाव्यावर जाताना चर्र आवाज येतो. ॲम्पमधून नव्हे, हाताखालून! हाताने चोळलेल्या तेलाची नेक फार गुळगुळीत लागते असं ऐकलंय. घरात बॅटला लावायला आणलेलं जवसाचं तेल अर्धी बाटली पडून आहे. तेच चोळू की टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) मागवू? राहणार मालवण, तेव्हा हवेतल्या ओलीबद्दल वेगळं सांगायला नको.

रंधा_करवत
तेलाची बाटली आधी कपाटात ठेवा. तुमच्या वर्णनावरून नेकवर पॉलियुरेथेनचा थर दिसतोय. त्यावर कुठलंही तेल चोळलंत तरी लाकडापर्यंत पोचणार नाही, प्लास्टिकच्या बादलीला तेल लावल्यासारखं होईल. भांडी घासायची कोरी हिरवी घासणी घ्या (खरकट्यातली नको) आणि पाठीवरून लांबीच्या दिशेने हलक्या हाताने पाच मिनिटं फिरवा. चमक मरते आणि चिकटपणाही बराच जातो. चार शून्यांचं, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल जास्त छान काम करतं, पण त्याचा भुगा पिकअपच्या (तारांखालचा, त्यांची कंपनं टिपणारा भाग) लोहचुंबकाला जाऊन बसतो, म्हणून पिकअपवर आधी मास्किंग टेप लावा. तेल विचारायला येतात त्यातल्या बहुतेकांचं काम एवढ्यावर भागतं.

सूरपारंबी
रंधा यांना +१. लाखेचं पॉलिश केलं तर? मिरजेच्या सतारींवर काय सुरेख दिसतं.

रंधा_करवत
दिसतं सुरेखच. पण लाख ओलीने पांढुरकी पडते आणि स्पिरिटचा थेंब पडला की विरघळते. मालवणात, घामेजल्या अंगठ्याखाली मी तरी नाही लावणार.

तळकोकणी
अं... एक सांगायचं राहिलं. धागा काढायच्या आधीच्या रात्री उत्साहाच्या भरात १२० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन पाचव्या ते नवव्या फ्रेटमागचं लॅकर उतरवून बसलोय. कोरं लाकूड दिसतंय. शिव्या नंतर घाला, आधी उपाय सांगा.

रंधा_करवत
बरं, शिव्या राखून ठेवतो. आता तेलच. आणि पाऊस सरायची वाट बघत बसू नका, कोरं मेपल तसंच ठेवलंत तर घाम आणि मळ पिऊन काळं पडेल.

तारा सोडा, जमलं तर नेक बॉडीपासून वेगळी करा. फ्रेटबोर्डच्या (फ्रेट बसवलेली पुढची पट्टी) कडा, नट (वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) आणि टाच (नेकचा बॉडीत बसणारा भाग) यांना टेप. टाचेला हात लावायचाच नाही, ती बॉडीत घट्ट बसायला हवी. हेडस्टॉकही (खुंट्यांचं टोक) राहू द्या, नाहीतर त्यावरचं नाव खरवडून जाईल. मधली सगळी पाठ १८० ने उतरवा, तोंडाला मास्क हवाच. मग २४०, ३२०. जिथे लॅकर संपून लाकूड सुरू होतं तिथे पायरी ठेवू नका, बोटाला जाणवणार नाही इतका उतार द्या. आता ओलसर फडक्याने पाठ पुसा. लाकडाचे तंतू उभे राहतील, मांजराच्या जिभेसारखं लागेल. वाळलं की ४०० ने ते कापा. ही पायरी गाळलीत तर पहिल्या तेलानंतर तेच खरखरीत हाताला येईल.

तेल कुठलं? टंग मस्त, ओलीला चांगलं तोंड देतं, पण फार सावकाश वाळतं. फक्त 'टंग ऑइल फिनिश' लिहिलेल्या डब्यात बरेचदा व्हार्निशच जास्त असतं, लेबल वाचून घ्या. तुमच्या हवेत मी ट्रू-ऑइल घेईन. मुळात बंदुकीच्या दस्त्यासाठी बनवलेलं आहे, लवकर वाळतं. म्युझिक मॅनच्या कित्येक नेकनाही बंदुकीच्या दस्त्याचं तेल आणि मेणच असतं.

जुन्या सुती बनियनचा तुकडा, त्यावर चार थेंब. चोळा, दहा मिनिटं थांबा, कोरड्या कापडाने पुसून काढा. जेवढं लावलं त्यातलं बहुतेक पुसूनच निघालं पाहिजे. रोज एक हात, असे पाच-सहा. पावसात दोन हातांमध्ये दोन दिवस सोडा, पंख्याखाली टांगून.

मधली_सुट्टी
बॅटवाल्या तेलाबद्दल अनुभवाचे बोल. ते कच्चं जवस असतं. मी बेसच्या नेकला सढळ हाताने चोळलं होतं. तीन आठवडे झाले तरी माशा मारायच्या कागदासारखी चिकट! शेवटी टर्पेंटाइनने सगळं पुसून काढलं. लावायचंच तर हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड मागा, आमचा रंगारी त्याला बेलतेल म्हणतो. त्यात वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात. खोबरेल वगैरे तर कधीच वाळत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका.

रंधा_करवत
आणि हे ठळक अक्षरांत समजा: तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. ही तेलं हवेतला प्राणवायू घेऊन वाळतात, त्यात उष्णता निघते आणि बोळ्यात ती कोंडून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

सूरपारंबी
बाप रे. वाचनखूण साठवली.

तळकोकणी
महिन्याने हजेरी लावतोय. सहा हात दिले. चौथ्यानंतर घाई केली, आदला हात पुरता वाळला नव्हता, अंगठ्याचा ठसा उमटला. ४०० ने घासून पुन्हा दिला. शेवटी स्टील वूल फिरवून मेण चोळलं. आता पाठ आजीच्या पोळपाटासारखी लागते, चर्र आवाज गेला. एकच, तारा जरा वर आल्यासारख्या वाटतात.

रंधा_करवत
नेक पुढे वाकली असणार. तेल पॉलीइतकं ओल अडवत नाही. तारा सुरात लावा, ट्रसरॉड (नेकच्या आतली, वाक सरळ करणारी सळई) पाव फेरा आवळा, दुसऱ्या दिवशी बघा. मे आणि ऑगस्टमध्ये हे करावं लागेल, सवय ठेवा. फडक्यांचं काय केलंत?

तळकोकणी
पडवीत दोरीवर पसरली होती. आईने पोचे समजून घडी करून बादलीत ठेवली, धावत जाऊन परत काढली.

मधली_सुट्टी
फोटो?

तळकोकणी
उद्या. सकाळपासून लाइट नाहीत.