विषय: जुनापाणीच्या गोट्यांत जिओकॅश

प्रेषक: माहेरवाशीण

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात पोरांना घेऊन माहेरी, नागपूरच्या काटोल रोडला चाललेय. दोघांनाही जिओकॅशिंगचं खूळ लागलंय, म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा अक्षांश-रेखांशावरून शोधायचा नि आतल्या वहीत नाव लिहायचं. २००० च्या मे महिन्यात पहिला डबा आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या ओरेगॉनातच ठेवला गेला, तिथली पाटी त्यांनी तीनदा पाहिली. आता हट्ट असा की एक डबा आजोळीही हवा. जुनापाणीला ती दगडांची रिंगणं आहेत ना, तिथे एखाद्या फटीत इवलासा ठेवला तर? परवानगी कुणाला मागायची?

प्रेषक: काटोलचे काका

पोरी, फटीत नको. ती रिंगणं म्हणजे मसणवट आहे. अडीच-तीन हजार वर्षं जुनी, पण मसणवटच. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज साहेबानं तिथली काही उकरली, तर आत लोखंडी हत्यारं नि मडकी निघाली. तिकडे माहुरझरीला तर माणसासोबत पुरलेला घोडा सापडला, तोंडावर तांब्याचे दागिने घातलेला.

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. चौथीच्या सहलीत मधल्या ढिगातले तीन गोटे ओढून आम्ही चूल मांडली होती. गुरुजींनी पाहिलं, खिचडी अर्धी कच्ची असतानाच उतरवायला लावली, गोटे परत ठेवायला लावले. कुठला कुठे होता ते कुणाला आठवतंय!

तुझा डबा इवलासा असेल गं. पण शोधायला येणारा दगड उलटून पाहणारच. एका डब्यापायी वीस गोटे हलतील. शिवाय जागा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे; नासधूस झाली तर दोन वर्षं कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्यापेक्षा मल्टी कर, म्हणजे टप्प्याटप्प्यानं शोधायचा डबा. काही शिळांवर वाटीसारखे छोटे खड्डे कोरलेत. एक शिळा ठरव, तिच्यावरचे खड्डे मोजायला लाव, त्या आकड्यावरून पुढचे अक्षांश-रेखांश काढायचे. डबा भलतीकडेच. मोजताना खडू नाही, ओला फडका नाही, शिळेवर चढणं तर नाहीच. भर दुपारी काही दिसत नाही. उन्हं कलली की खड्ड्यांत सावली भरते नि पोरंसुद्धा बिनचूक मोजतात.

आणि डबा पुरू नको. तो ओरेगॉनातला पहिला अर्धा पुरलेला होता म्हणे, पण आता जागामालकाच्या परवानगीशिवाय जमीन खणणं नियमात बसत नाही. सुट्टीत ठेवून विमानात बसलीस तर मंजूर व्हायचा नाही. पावसाळ्यानंतर झाकण उघडून वही वाळवणारा गावातला माणूस लागतो.

प्रेषक: खजिनदार

डब्यात खाऊ नको. मागच्या खेपेला चिक्की ठेवलीत, वहीचं एक पान शाबूत नव्हतं. मुंग्या.

प्रेषक: माहेरवाशीण

काका, पटलं. खरं सांगायचं तर ते थडगं आहे हे मला आजवर ठाऊकच नव्हतं. आम्ही तिथे लपंडाव खेळायचो.

दादाला फोन केला. म्हणाला, "डबा पाहीन मी, पण वावरात तूर उभी आहे. लोकं मधूनच घुसून राहिले तर कोण भरून देईन?" म्हणून डबा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, नको, त्याच्या फाटकापाशी बोरीला टांगायचा ठरलं, रस्त्यावरूनच हाताला येईल असा. खड्डे मोजायला मी आणि पोरं संध्याकाळी चारला जाऊ. डब्यात वही नि पेन्सिल, बस्स.

धाकटा विचारतोय, त्या घोड्याचं नाव काय होतं. काका, हे तुमच्याकडे.